फक्त कांड्या

आजीच्या हातात कुठलंही कापड दिलं की ती आधी ते उलटं करायची. दुकानदार गादीवर बसून साडीचा पदर झळकवत असायचा, आई रंग बघत असायची आणि आजी पदराचं टोक धरून मागची बाजू बोटांनी चाचपत बसायची. माझं आजोळ येवल्याचं, साळ्यांचं. घरात दोन माग. पैठणीचा पदर हाताने नीट विणलेला असेल तर उलटी आणि सुलटी बाजू जवळपास सारखीच दिसते, कारण नक्षीतला प्रत्येक रंग आपापल्या तिल्लीवर, म्हणजे छोट्या रिळावर, गुंडाळलेला असतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून तिथूनच माघारी वळवलेला असतो. मागे सुटा धागा लोंबायला जागाच राहत नाही. म्हणून आजीच्या लेखी कापड मागून बघायचं असतं. पुढून काय, सगळीच चांगली दिसतात.

1984 च्या दिवाळीनंतर ती आमच्याकडे औरंगाबादला आली होती. आता गावाचं नाव छत्रपती संभाजीनगर झालंय, पण त्या वेळच्या आठवणी आल्या की तोंडात जुनंच नाव येतं. पाणचक्की झाली, मकबरा झाला, मग वडिलांनी तिला मुद्दाम हिमरूच्या, म्हणजे आमच्याकडच्या नक्षीदार कापडाच्या, कारखान्यात नेलं. विणकराघरच्या बाईला दुसऱ्याचा माग बघायला आवडेल असं त्यांना वाटलं आणि ते बरोबरच होतं. कारखाना म्हणजे जुन्या घरातली एक लांबट, अंधारी खोली. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर आणि मागाच्या वर आडव्या फळीवर चढून बसलेला एक पोरगा. खालच्या म्हाताऱ्याने काहीतरी पुटपुटलं की वरचा पोरगा दोऱ्यांचा एक झुबका ओढायचा, खाली ठराविक धागे उचलले जायचे आणि त्यातून आडवा धागा नेणारा धोटा सुळकन पलीकडे जायचा. नक्षी सगळी त्या दोऱ्यांच्या गाठींत बांधून ठेवलेली. म्हाताऱ्याच्या पुढ्यात कागद नव्हता, चित्र नव्हतं.

म्हाताऱ्यांनी एक तयार शाल आजीच्या मांडीवर ठेवली. आजीने ती लगेच उलटी केली आणि तिचा चेहराच पडला. मागे रेशमाचे धागे लांबच लांब, सुटे, एकावर एक पसरलेले. तिच्या येवल्याच्या शिस्तीत हे बसणारं नव्हतं. ती वडिलांना हळूच म्हणाली, "सगळे धागे सुटेच ठेवलेत की हो." म्हाताऱ्यांना मराठी कळत होतं. ते रागावले नाहीत, उलट मान तिरकी करून त्यांनी आजीकडे निरखून पाहिलं. "अम्मा, करघेवाले घर की हो क्या? उलटा करके वोईच लोगाँ देखते." मग त्यांनी शालीचा मागचा भाग आजीच्या गालाला लावला. त्या सुट्या रेशमाच्या थरामुळे हिमरू मऊ लागतो आणि ऊबही धरून ठेवतो, हे त्यांनी तोंडाने सांगितलंच नाही, गालालाच कळू दिलं.

नंतर त्यांनी विचारलं, "आप भी बुनते?"

आजी म्हणाली, "नाही बाबा. मी फक्त कांड्या भरते."

कांडी म्हणजे धोट्यात बसवायची, धाग्याने भरलेली नळी. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्या 'फक्त'कडे माझं लक्षही गेलं नव्हतं. ते गेलं सदतीस वर्षांनी, 2021 च्या सप्टेंबरात, वर्तमानपत्रातली एक छोटी बातमी वाचताना. हैदराबादला सुरैया हसन बोस वारल्या, वय 93. हिमरू, मशरू, पैठणी, जामेवार अशी विस्मरणात चाललेली दख्खनची विणकामं त्यांनी पुन्हा मागावर चढवली, असं त्यात होतं. आणि पुढे एक वाक्य होतं की हे माग चालवायला त्यांनी विधवा बायकांना शिकवलं.

ते वाक्य मी दोनदा वाचलं. कांड्या भरायला नाही, माग चालवायला.

*

हिमरू आमच्या गावचा, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मुहंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा विणकर इकडे आले, तो परत गेला पण ते इथेच राहिले, असं सांगतात. हिमरू हा शब्द फारसीतून आला, त्याचा अर्थ 'सारखा', 'त्याच्यासारखा दिसणारा'. कुणासारखा? तर किनखाबासारखा. किनखाब म्हणजे रेशीम आणि सोन्याची जर, तो बादशहाच्या अंगावर. हिमरूत ताणा (उभे धागे) सुताचा आणि नक्षीचा बाणा (आडवे धागे) रेशमाचा, म्हणजे थाट तोच पण खर्च बेताचा. त्याचाच भाऊ मशरू. त्यात वर रेशीम आणि आत सूत असं विणतात की अंगाला फक्त सूत लागतं. मुसलमान पुरुषाने नुसतं रेशीम कातडीला लागू देऊ नये असा दंडक, म्हणून ही तोड. मशरू या शब्दाचाच अर्थ 'शरियतला चालणारं'. धर्मही सांभाळायचा आणि रेशमाची झळाळीही सोडायची नाही, हा पेच कुण्या विणकराने धाग्यात सोडवला. असं काही वाचलं की मला त्या निनावी माणसाला नमस्कार करावासा वाटतो.

हे कापड विकत कोण घेत होतं? निजामाच्या राज्यातले नवाब, जहागीरदार, अंमलदार. हिमरूच्या शेरवान्या, मशरूचे पायजमे, लग्नाच्या पोशाखांचे तागेच्या तागे. आमचा मराठवाडाही त्याच राज्यात होता. माझे वडिलांकडचे आजोबा मुक्तिसंग्रामात होते. 17 सप्टेंबरला आमच्या घरी सणासारखं वातावरण असायचं आणि आजही असतं. निजाम म्हटलं की आम्हाला रझाकार आठवतात, आणि ते आठवायलाच हवेत. पण 1948 ला संस्थान गेलं, पुढच्याच वर्षी जहागिऱ्या गेल्या, आणि हिमरूचं गिऱ्हाईक एका झटक्यात संपलं. खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या विणकराने ना कुणाची जहागीर खाल्ली होती ना कुणावर हात उचलला होता, तरी त्याच्या मागावरचा धागा तुटला. आमच्या घरात स्वातंत्र्याच्या गोष्टी इतक्या झाल्या, पण ही गोष्ट कुणी सांगितली नाही. मलाही ती सुरैया आपांबद्दल वाचता वाचताच कळली.

आपा म्हणते, कारण त्यांच्याकडची माणसं त्यांना तसंच म्हणत.

त्यांचं घर आमच्या मनातल्या हैदराबादच्या चित्रात बसतच नाही. मुसलमान, हैदराबादी, खानदानी, आणि गांधींच्या विचाराने भारलेलं. आजी फख्रुल हाजिया बेगम. ट्रूप बझारमधल्या 'आबिद मंझिल' या आपल्या घरी या बाईंनी परदेशी कपड्यांची होळी केली, तीही निजामाच्या राज्यात. वडील बद्रुल हसन गांधींना मानणारे, त्यांनी हैदराबाद बुक डेपो काढला. काका आबिद हसन. हे जर्मनीत शिकायला गेले आणि तिथे नेताजींचे झाले. 1943 साली नेताजी जर्मनीहून पाणबुडीतून निघाले तेव्हा त्यांच्यासोबत एकच भारतीय माणूस होता, तो हा. 'जय हिंद' ही घोषणा त्यांनीच सुचवली असं मानतात. केशरी रंगावरून त्यांनी आपल्या नावापुढे 'सफ्रानी' लावलं. स्वातंत्र्यानंतर ते परराष्ट्र सेवेत गेले आणि निवृत्त होऊन हैदराबादला परतले. सुरैयांचं लग्नही नेताजींच्या पुतण्याशी, अरबिंदो बोस यांच्याशी झालं. म्हणून हसन आणि बोस ही दोन्ही आडनावं.

कापड जाळणाऱ्या आजीची ही नात, 1928 ची. परदेशी कापड जाळून झालं, आता अंगावर घालायचं काय, हा प्रश्न त्या होळीच्या पोटातच होता. आंदोलनाचं उत्तर होतं खादी. नातीने त्याच प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आयुष्य घातलं, पण खादीपाशी न थांबता. घोषणा देणाऱ्या माणसाला चरखा पुरतो. कापडावर पोट असणाऱ्याला मात्र गिऱ्हाईक लागतं, ते दर महिन्याला लागतं, आणि गिऱ्हाइकाला रंग, पोत, नक्षी, अर्ज सगळं हवं असतं. (अर्ज म्हणजे कापडाची रुंदी. आमच्या घरात हा शब्द इतका बोलला जायचा की शाळेत पहिल्यांदा सुट्टीचा अर्ज लिहायला सांगितला तेव्हा मी गोंधळले होते.)

*

त्यांची सुरुवात नोकरीने झाली. हैदराबादच्या कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियममध्ये त्या लागल्या. नव्या देशात तेव्हा हातमागाचं सरकारी काम जोरात उभं राहत होतं. कमलादेवी चट्टोपाध्याय हस्तकलांचं बघत होत्या, पुपुल जयकर हातमागाचं. पुपुल जयकरांनी सुरैयांना हेरलं आणि दिल्लीला बोलावलं, हातमाग आणि हस्तकला निर्यात महामंडळात. दिल्लीत त्या निर्यात शिकल्या. नमुना कसा दाखवायचा, दर कसा बांधायचा, बाहेरच्या देशातल्या खरेदीदाराला सोळा ठिकाणच्या सोळा विणकरांकडून एकसारखा माल वेळेवर कसा पोचवायचा, हे सगळं. कलेच्या गोष्टी करताना ही शिदोरी आपण मोजतच नाही. मी हिशेब शिकवणारी शिक्षिका आहे, म्हणूनही असेल, मला त्यांच्या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

काकांच्या बोलावण्यावरून त्या हैदराबादला परतल्या. गोवळकोंड्याच्या जवळ, दर्गा हुसेनशाह वली या भागात काकांची जमीन होती. हे हुसेनशाह वली म्हणजे ज्यांच्या नावाने हुसेनसागर तलाव ओळखला जातो ते. तेव्हा शहर तिथवर पोचलं नव्हतं. तिथे त्यांनी स्वतःचा व्यवसाय मांडला. फॅबइंडिया काढणारे जॉन बिसेल त्यांच्याकडून माल घ्यायचे. तेलंगणातलं इकत, म्हणजे धागा आधी बांधून रंगवायचा आणि मग विणायचा, ते त्यांनी बाहेरच्या बाजारात नेलं. तेलिया रुमाल पुन्हा करून घेतला. त्याचं सूत विणण्याआधी दिवसेंदिवस तेलात आणि राखेच्या पाण्यात मुरवतात, मग तो लाल रंग असा पकडतो की धुण्याने जात नाही. मच्छलीपट्टणची कलमकारी, वरंगळकडच्या सतरंज्या, हेही सगळं त्यांच्या व्यापारात आलं.

आणि त्यांच्या दुकानाचं नाव काय, तर 'हाऊस ऑफ कलमकारी अँड दरीज'.

या नावापाशी मी बराच वेळ थांबले. ज्या हिमरूसाठी लोक त्यांचं नाव घेतात, तो हिमरू पाटीवर नाही. पाटीवर आहे ते खपणारं कापड. पडद्याला, पलंगपोसाला, बैठकीला लागणारं, मीटरवर विकलं जाणारं. हिमरूचं मीटरभर कापड निघायला दिवस जातात. नक्षी बारीक असेल तर दिवसभरात वीतभर पुढे सरकलं तरी विणकर समाधानाने उठतो. त्यावर दुकान चालत नाही. मी यातून असा अर्थ लावते की सतरंजीने हिमरूला पोसलं. बाईंनी हे कुठे म्हटलंय का ते सोडा, पण ज्याने घर चालवलंय त्याला पाटी वाचूनच ते कळतं. आमच्या येवल्याच्या घरी एका मागावर पैठणी आणि दुसऱ्यावर साधी लुगडी असत. लुगडं आठवड्याच्या बाजाराला निघायचं, पैठणी निघायची तेव्हा निघायची. आजोबा म्हणत, लुगड्यावर जेवतो म्हणून पैठणी विणतो.

हे मला मोठं वाटतं, कारण आपल्याकडे अशा कामाला 'पुनरुज्जीवन' असा भारदस्त शब्द लावतात आणि मग त्यातलं पोटापाण्याचं सगळं गाळून टाकतात. प्रदर्शन भरतं, दिवा लागतो, शाल पांघरली जाते. 7 ऑगस्टला हातमाग दिन होतो. 1905 च्या स्वदेशी चळवळीची ती तारीख, 2015 पासून हा दिवस पाळतात, चांगलंच आहे. पण 8 ऑगस्टला विणकराकडे सूत घ्यायला पैसे आहेत का, हे बघणारं कुणीतरी लागतं. सुरैया आपा 8 ऑगस्टच्या बाई होत्या.

*

आता बातमीतल्या त्या विधवा बायकांच्या वाक्याकडे येते, ज्यामुळे मी हा लेख लिहायला बसले.

आजी कांड्या भरायची म्हणजे नेमकं काय करायची ते सांगते. रेशमाची लड असारीवर चढवायची. असारी म्हणजे बांबूच्या काड्यांचा हलका फिरता पिंजरा. लडीतलं टोक शोधायचं. ते सापडलं की सगळं सोपं, नाही सापडलं तर सकाळ गेली. धागा मध्येच तुटतो, मग दोन्ही टोकं बोटाला थुंकी लावून अशी पिळायची की गाठ हाताला लागता कामा नये, कारण ती फणीत अडकते. मग रहाट. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या मधून धागा कांडीवर जाऊ द्यायचा. कांडी सैल भरली तर धोट्यात धागा गुंततो, ताठ भरली तर तुटतो. आजीच्या डाव्या तर्जनीवर पेराच्या खाली एक बारीक, गुळगुळीत रेघ होती. लहानपणी मला वाटायचं तिला कधीतरी कापलं असेल. ती रेशमाने पाडलेली होती. इतकं मऊ रेशीम, पण चाळीस वर्षं एकाच जागेवरून गेलं होतं.

पहाटे मागाचा आवाज सुरू होण्याआधी तिच्या रहाटाचा आवाज सुरू व्हायचा. कांड्या संपल्या की माग थांबतो, म्हणून जेवतानाही तिचं लक्ष टोपलीकडे असायचं. आणि साडी झाली की शेठजी आजोबांना विचारायचे, किती दिवसांत विणलीत? आजोबा म्हणायचे, मी दोन महिन्यांत विणली. ते खोटं बोलत नव्हते. सगळी पेठ तसंच बोलायची.

मी कॉलेजात असताना एकदा तिला विचारलं होतं, तू कधी मागावर का नाही बसलीस? ती हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "लेकीला शिकवलं तर नक्षी सासरी जाते. आणि सुनेला शिकवायचं तर सासऱ्यासमोर खड्ड्यात पाय सोडून बसायचं कसं?" झालं. लेक म्हणूनही नाही, सून म्हणूनही नाही. मग बाईने मागावर बसायचं कधी?

2019-20 च्या हातमाग गणनेत देशभरात 35 लाखांहून जास्त विणकर आणि त्यांना जोडून काम करणारी माणसं मोजली गेली. त्यांतल्या शंभरात बहात्तर बायका आहेत. आकडा वाचून आनंद होतो, पण त्यात ईशान्येकडच्या घराघरांत विणणाऱ्या बायका फार मोठ्या संख्येने आहेत. तिथे माग हा बाईचाच. आपल्याकडे मात्र जरीकाठाचं, नक्षीचं, नाव आणि दाम मिळवून देणारं विणकाम पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्या बैठकीचं राहिलं. बाईचं काम मागाच्या अलीकडे आणि पलीकडे. सूत उकलणं, खळ लावायला मदत, कांड्या, तयार साडीचे धागे कापणं. त्याशिवाय कापड होत नाही, पण कापडावर तिचं नाव येत नाही.

सुरैया आपांनी जुने जाणते विणकर शोधले. घराण्यांतून राहिलेल्या जुन्या कापडांच्या तुकड्यांवरून नक्ष्या पुन्हा उतरवून घेतल्या. इथपर्यंत कुणीही भल्या माणसाने केलं असतं. पण विणकरांची पोरं आता मागावर बसायला तयार नव्हती, आणि का बसतील? मग हा हुन्नर द्यायचा कुणाला? त्यांनी नवरा गेलेल्या, घरात कमावतं कुणी नसलेल्या बायकांना बोलावलं. ज्यांच्या घरात माग कधी नव्हता अशाही बायका. त्यांना हिमरूच्या मागावर बसवलं, शिकत असतानाही मजुरी दिली की नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं, पण एवढं नक्की की त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय तिथेच झाली. काकांच्या नावाने त्याच आवारात शाळा काढली, सफ्रानी मेमोरियल. आई मागावर आणि पोर पलीकडच्या वर्गात.

हे मी शिक्षिका म्हणून वाचते तेव्हा घशाशी काहीतरी येतं. माझ्या वर्गात अशा मुली आल्यात ज्यांची आई दिवसभर कामावर असते आणि धाकट्या भावाला सांभाळायला मुलगी शाळा बुडवते. शाळा आणि आईचं काम एका हाकेच्या अंतरावर असेल तर किती मुली वाचतील, याचा हिशेब मी कित्येकदा मनात केलाय. कुणीतरी तो जमिनीवर करून दाखवला होता.

आणि विधवाच का, यावरही मी विचार केला. दया, हे एक उत्तर. दुसरं मला आजीच्या बोलण्यात सापडतं. लेकीला शिकवलं तर नक्षी सासरी जाते, सुनेला सासऱ्याची आडकाठी. या बायकांना आता अडवणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्या खड्ड्यात पाय सोडून बसू शकल्या. नवरा गेल्यावरच बाईला माग मिळावा, ही गोष्ट मला सुखाची वाटत नाही. पण मिळाला तो खरा माग होता. ताणा, बाणा, नक्षी, सगळं तिच्या हाती.

*

2016 च्या मे महिन्यात मी हैदराबादला गेले होते. पुतण्याला तिकडच्या कंपनीत नोकरी लागली होती, त्याचं घर लावून द्यायला. चार दिवस राहिले. गच्चीबावलीच्या बाजूला, काचेच्या इमारतींच्या गर्दीत. गोवळकोंडा बघितला, कुतुबशाही कबरी बघितल्या, मोत्यांच्या दुकानात दोन तास घालवले. सुरैया आपांची जागा तिथून काही किलोमीटरवर होती आणि त्या हयात होत्या. मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. औरंगाबादची मी, हिमरूच्या गावची, विणकराच्या घरची. अठ्ठ्याऐंशी वर्षांची ती बाई तिथे होती आणि मी मोती बघत होते. याची रुखरुख मला आजही आहे. जाऊन काय केलं असतं? बोलायला सुचलंही नसतं. एक कापड मागून घेतलं असतं आणि उलटं करून पाहिलं असतं. त्यांना कळलं असतं.

उलट, त्याच वर्षी दिवाळीत मी इथेच एका दुकानातून 'अस्सल रेशमी हिमरू' म्हणून शाल घेतली, मुलीच्या सासरी द्यायला. चिठ्ठी लावलेली, पिशवीवर लेण्यांचं चित्र. घरी आल्यावर कडेचा एक धागा ओढून काडीपेटीवर धरला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरडली की भुगा होते. हा धागा वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी झाला. प्लास्टिकच ते. मी तो मणी हातात धरून बराच वेळ बसून होते. पैशाचं वाईट वाटलं, पण जास्त वाईट याचं की 'त्याच्यासारखा दिसणारा' हे नाव मिरवणाऱ्या कापडाचीही नक्कल निघाली होती, आणि मी आजीची नात असून दुकानात ती उलटी करून पाहिली नव्हती.

*

गेल्या वर्षी आजोळी गेले. आजीला जाऊन आता सत्तावीस वर्षं झाली. मामेभाऊ सुरतेला नोकरीला आहे, महिन्यातून एकदा येतो. घरातला एक माग मोडला, दुसरा चालू आहे. त्यावर वहिनी बसते.

मी आत गेले तेव्हा ती पदर विणत होती. बांगडी मोर नक्षीचा. पाय पावड्यावर, मान खाली, तीस-पस्तीस तिल्ल्या धाग्यांना लोंबकळताहेत, प्रत्येकीवर वेगळा रंग. एका बोटाने हिरवी उचलायची, चार धाग्यांतून घालायची, जांभळीला अडकवायची, परत. कपाळावरचा घाम पुसायला हात उचलला की पुन्हा त्याच तिल्लीवर बरोबर जायचा. शेजारच्या गल्लीतही आता बऱ्याच बायका बसतात, ती म्हणाली. तिचं विणकर ओळखपत्र भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी टाचणीने लावलेलं होतं. तिचा फोटो, तिचं नाव.

मी विचारलं, "सासऱ्यांसमोर बसलीस?"

"मामंजींनीच शिकवलं की," ती म्हणाली. "पोरं शिकायला तयार नव्हती."

मला पुढे बोलवेना. कोपऱ्यात आजीचा रहाट होता, तेलपाणी केलेला. हाताला काम हवं म्हणून मी खाली बसले आणि म्हटलं, कांड्या भरून देते. लहानपणी आजीने शिकवल्या होत्या. चार-पाच भरल्या आणि टोपलीत टाकल्या. वहिनीने एक उचलली, अंगठ्याने दाबून पाहिली आणि माझ्याकडे परत टाकली.

"सैल झालीय ताई. पुन्हा भरा."

मी धागा उकलला आणि परत चाक फिरवायला घेतलं.